कारखान्यात बनणारं घर घ्यायचंय? पर्यावरणाचे प्रश्न कोणते आणि कधी विचारायचे

‘आधी कळस मग पाया’ असं आपण उलट्या कामाची थट्टा करताना म्हणतो. मॉड्युलर घराच्या, म्हणजे कारखान्यात तुकड्यांत बनून जागेवर जोडल्या जाणाऱ्या घराच्या बाबतीत ते जवळजवळ शब्दशः घडतं. इकडे जागेवर पायासाठी खणणं चालू असतं आणि तिकडे कारखान्यात छताचं वॉटरप्रूफिंग उरकत आलेलं असतं. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१९ च्या अहवालात मॉड्युलर पद्धतीमुळे बांधकामाचा कालावधी २० ते ५० टक्क्यांनी कमी होऊ शकतो असं म्हटलंय. त्याचं एक मोठं कारण हेच, की दोन ठिकाणची कामं एकमेकांसाठी थांबून राहत नाहीत.

याची दुसरी बाजू नवख्या माणसाच्या लक्षात उशिरा येते. नेहमीच्या बांधकामात भिंत अर्धी चढल्यावरही “खिडकी जरा तिकडे सरकवा” म्हणता येतं. इथे आराखड्यावर सही झाली, की माल मागवला जातो, कापला जातो, आणि मग खिडकी हलत नाही. इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) कोणतं, सांगाडा कशाचा, पाया कसला, हे सगळं सहीच्या आधी ठरतं. म्हणून पर्यावरणाचा जो काही फायदा पदरात पाडून घ्यायचा, तो सहीच्या आधीच मागावा लागतो. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्यावरूनच लावलाय.

कारखान्यात बनलं म्हणून घर आपोआप हिरवं होत नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारखाना देतो तो नेमकेपणा. त्याच नेमकेपणाने जड, अवाढव्य, वीज खाणारं घरही बनवता येतं.

पायरी १: आपल्याला नेमकं काय विकलं जातंय ते ओळखा

‘प्रीफॅब’, ‘मॉड्युलर’, ‘रेडिमेड घर’ हे शब्द बाजारात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात भिंती, छत आणि जमीन यांची सपाट पॅनेलं कारखान्यात बनतात आणि जागेवर जोडली जातात. दुसऱ्यात अख्खी खोली किंवा घराचा तुकडा खोक्यासारखा तयार होऊन येतो. वायरिंग, नळ, फरशी, रंगसुद्धा झालेला असतो. यालाच खऱ्या अर्थाने मॉड्युलर म्हणतात. तिसऱ्यात फक्त न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर तयार येतं, बाकीचं घर नेहमीसारखं बांधतात. अमेरिकेत याखेरीज ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्याला खाली कायमची पोलादी चासी असते आणि त्याच्यासाठी १९७६ पासून वेगळी केंद्रीय नियमावली लागू आहे. मॉड्युलर घराला मात्र तिथले स्थानिक बांधकाम नियमच लागतात.

हा फरक पर्यावरणाच्या हिशेबात महत्त्वाचा आहे. सपाट पॅनेलं एका ट्रकवर रचून खूप नेता येतात, तर खोका म्हणजे बरीचशी हवाच वाहून न्यायची. उलट खोक्यात जवळजवळ सगळं काम छपराखाली होतं, त्यामुळे जागेवरचा राडारोडा सर्वात कमी होतो. तेव्हा “मॉड्युलर चांगलं की वाईट” असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

पायरी २: कार्बनच्या दोन वह्या ठेवा

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार, ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांमधून जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यात इमारती आणि त्यांचं बांधकाम यांचा वाटा साधारण ३७ टक्के आहे. या आकड्याच्या पोटात दोन वेगळे हिशेब आहेत.

एक बांधतानाचा कार्बन. सिमेंट भाजताना, पोलाद वितळवताना, काच बनवताना आणि हे सगळं वाहून आणताना जो बाहेर पडतो तो. घरात पाऊल टाकायच्या आधीच तो खर्च झालेला असतो आणि परत मिळत नाही. दुसरा वापरातला कार्बन. गारवा, ऊब, गरम पाणी, दिवे यांसाठी वर्षानुवर्षं जळणाऱ्या इंधनाचा किंवा विजेचा. वीज जसजशी स्वच्छ होत जाते तशी दुसरी वही हलकी होते आणि पहिलीचं वजन वाढत जातं.

विक्रेते बहुतेक वेळा एकच वही उघडून दाखवतात. कचरा कमी म्हणून पाठ थोपटतात, पण भिंतीतून किती उष्णता गळते ते सांगत नाहीत. किंवा छतावर सौर पॅनेलं दाखवतात आणि खालच्या काँक्रीटबद्दल चकार शब्द काढत नाहीत. दोन्ही वह्या मागा. युरोपात इमारतीच्या आयुष्याचा हिशेब ‘ईएन १५९७८’ या मानकाप्रमाणे मांडतात. त्यात कच्च्या मालापासून कारखान्यापर्यंतचा टप्पा ‘ए १ ते ए ३’, वाहतूक ‘ए ४’, जागेवरचं काम ‘ए ५’, वापर ‘बी’ आणि शेवटची पाडापाडी ‘सी’ अशी अक्षरं असतात. तुम्हाला हे मानक पाठ करायचं नाहीये. “तुमच्या आकड्यात कोणते टप्पे धरलेत?” एवढं विचारलंत तरी समोरचा सावरून बसतो.

पायरी ३: कचऱ्याचा दावा तपासून घ्या

कारखान्याची सर्वात खरी आणि सर्वात जास्त फुगवून सांगितली जाणारी बाजू ही आहे, म्हणून इथे जरा थांबू.

शिंप्याचं उदाहरण घ्या. एकच सदरा शिवायचा असेल तर कापडाच्या कडेचं कातरण वाया जातं. एकाच मापाचे पन्नास सदरे एकदम बेतले तर बाहीच्या शेजारच्या तुकड्यातून कॉलर निघते. प्लायवूड आणि जिप्सम बोर्डाचं तसंच आहे. बोर्ड ठरावीक मापात येतात, साधारण १.२ मीटर बाय २.४ मीटर. कारखान्यात कापणीचा आराखडा संगणकावर आधी मांडला जातो, उरलेला तुकडा पुढच्या घराच्या पोटमाळ्याला किंवा खिडकीखालच्या पट्टीला लागतो. माल छपराखाली असतो, त्यामुळे पावसात फुगत नाही, उन्हात वाकत नाही, रात्रीतून चोरीला जात नाही. शिवाय जागेवरच्या बांधकामात “थोडं जास्तच मागवा, कमी पडायला नको” म्हणून जो माल आणून टाकला जातो आणि शेवटी मातीत मिसळतो, त्याची इथे गरजच उरत नाही.

कचरा वेगवेगळा ठेवणंही कारखान्यात सोपं जातं. लाकडाचा भुसा एकीकडे, धातूचं भंगार दुसरीकडे, जिप्सम तिसरीकडे. जिप्समचं विशेष सांगायला हवं. ते ओल्या कचऱ्याबरोबर पुरलं आणि तिथे हवा पोहोचली नाही, तर जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. सडक्या अंड्याच्या वासाचा आणि विषारी. तेच जिप्सम स्वच्छ, कोरडं वेगळं काढलं तर पुन्हा दळून नव्या बोर्डात वापरता येतं.

आता फुगवट्याकडे. जाहिरातीत “९० टक्के कचरा कमी” असा आकडा हमखास दिसतो. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरात असतो. तीन गोष्टी विचारा. कशाच्या तुलनेत कमी? वजनाने की आकारमानाने? आणि कारखान्यातला कचरा त्यात मोजलाय का? जागेवरचा कचरा कारखान्यात नेऊन ठेवला आणि जागा स्वच्छ दिसली, तर ते काही कचरा कमी होणं नाही. वर्षाला किती टन माल आत येतो आणि किती टन कचरा बाहेर जातो याची नोंद चांगल्या कारखान्याकडे असते. नसेल, तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं समजायला हरकत नाही.

एक उलटा मुद्दाही आहे, तो विक्रेता आपणहून सांगणार नाही. खोका ट्रकवर हिंदकळतो, क्रेनने उचलला जातो, म्हणून त्याला जादा मजबुती द्यावी लागते. शिवाय दोन खोके शेजारी ठेवले की मधली भिंत दुहेरी होते, एकावर एक ठेवले की खालच्याचं छत आणि वरच्याची जमीन असे दोन थर होतात. म्हणजे कातरणात वाचलेल्या मालातला काही भाग इथे खर्ची पडतो. दुहेरी भिंतीमुळे आवाज कमी येतो हा त्यातला बोनस. पण घर जितक्या जास्त खोक्यांत तोडाल, तितका हा जादा माल वाढेल. त्याच क्षेत्रफळाचं घर सहाऐवजी चार खोक्यांत बसतं का, हे आराखडा करणाऱ्याला विचारून पाहा.

पायरी ४: सांगाडा कशाचा ते ठरवा

लाकूड, पोलाद की काँक्रीट? घराच्या पहिल्या वहीतला मोठा आकडा या निर्णयाने ठरतो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बनच असतो. समजा एक घनमीटर लाकूड ५०० किलोचं आहे. त्यात २५० किलो कार्बन, म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइड. भिंत उभी आहे तोवर तो तिथे कोंडलेला राहतो. मात्र पुढे ते लाकूड जाळलं किंवा सडलं तर तो परत हवेत जातो, आणि तोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड वाढलंच नाही तर हिशेबाला काही अर्थ उरत नाही. म्हणून लाकूड कुठून आलं याचा पुरावा हवा. एफएससी किंवा पीईएफसी ही जंगल व्यवस्थापनाची जगभर चालणारी प्रमाणपत्रं आहेत. प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर आहे की तुमच्या घरात लागणाऱ्या लाकडाच्या मालावर, हेही बघा.

पोलादाचं दुखणं भट्टीत आहे. लोहखनिज आणि कोळसा वापरून झोतभट्टीत एक टन पोलाद बनवताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत बनवलेल्या पोलादाचा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि ती वीज कशाची यावर अजून हलतो. पोलाद हलकं, सरळ, वाळवी न लागणारं, आणि पुन्हा वितळवता येणारं. पण त्याची दुसरी खोड पुढे पायरी ७ मध्ये येईल.

काँक्रीटचे खोकेही बनतात. मॉन्ट्रियलमध्ये १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वास्तुविशारद मोशे साफ्दी यांनी उभारलेलं ‘हॅबिटॅट ६७’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. ३५४ काँक्रीटचे खोके एकमेकांवर रचून १५८ घरं केली होती. वास्तुकला म्हणून लाजवाब. पण घरगुती आकाराच्या, एक-दोन मजली बांधकामाला एवढं वजन कशासाठी हा प्रश्न पडतोच. जड खोका म्हणजे मोठी क्रेन, जड ट्रेलर आणि खाली जाड पाया. माझं मत विचाराल तर दोन मजल्यांपर्यंतच्या घराला काँक्रीटचा खोका घेण्यासाठी काहीतरी ठोस कारण हवं.

पायरी ५: पायाकडे बघा, सगळे विसरतात ते इथेच

सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात. चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उष्णतेने सुटून निघून जातो आणि चुना उरतो. भट्टी सौर ऊर्जेवर चालवली तरी हा वायू सुटतोच, कारण तो इंधनातून येत नाही, दगडातूनच येतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग असा दगडातला आहे. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो.

आता घरापुरतं गणित करू. नेहमीच्या प्रतीच्या काँक्रीटच्या एका घनमीटरमागे साधारण २५० ते ३५० किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. ८० चौरस मीटरच्या घराखाली २० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब आणि कडेच्या तुळया घातल्या, तर सुमारे २० घनमीटर काँक्रीट लागतं. म्हणजे ५ ते ७ टन कार्बन डायऑक्साइड, आणि त्यात सळया धरलेल्याच नाहीत.

मॉड्युलर घराचा हलकेपणा इथे कामाला येतो. लाकडी किंवा पातळ पोलादी सांगाड्याच्या खोक्याला सलग स्लॅबची गरज नसते. ठरावीक बिंदूंवर आधार मिळाला की पुरतो. तेवढ्याच जागी काँक्रीटचे छोटे खांब घालता येतात, किंवा पोलादी स्क्रू पाइल, म्हणजे जमिनीत पिळून बसवायचे पातीवाले खांब वापरता येतात. स्क्रू पाइलला खड्डा लागत नाही, काँक्रीटवर पाणी मारत दिवस काढावे लागत नाहीत, आणि पुढे घर हलवलं तर ते उलटे फिरवून काढताही येतात. खालची माती उघडी राहते, पावसाचं पाणी मुरतं.

सगळीकडे हे जमेल असं नाही. भुसभुशीत भराव, खडकाळ थर, भूकंपप्रवण पट्टा, जोराचा वारा, पुराची पातळी यांप्रमाणे पाया बदलतो. मातीची तपासणी आणि स्ट्रक्चरल इंजिनीयरची सही यांना पर्याय नाही. पण “आमच्याकडे सगळ्यांना स्लॅबच घालतात” हे काही इंजिनीयरिंगचं कारण झालं नाही. खांबांवर का चालणार नाही, हे एकदा लेखी विचारा. स्लॅब अटळच असेल, तर सिमेंटचा काही भाग फ्लाय अॅश (कोळसा जळून उरलेली बारीक राख) किंवा झोतभट्टीच्या मळीने (स्लॅग) बदललेलं काँक्रीट मागता येतं.

पायरी ६: वाहतुकीची भीती मोजून घ्या

“एवढा मोठा खोका ट्रेलरवर आणायचा, त्यात किती डिझेल जळेल!” हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. तो मोजून बघू. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेला ट्रेलर १०० किलोमीटरला अंदाजे ३५ लिटर पितो असं धरा. कारखाना २०० किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन ४००. परतीचा रिकामा प्रवासही त्याच दराने धरला, तरी एका खोक्यामागे १४० लिटर, म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास. चार खोक्यांचं घर असेल तर दीड टन.

वरच्या स्लॅबच्या आकड्याशेजारी हा ठेवून बघा. ट्रेलर डोळ्यांना दिसतो, त्याचा धूरही दिसतो. स्लॅबचा धूर दूरच्या सिमेंट कारखान्यात आधीच निघून गेलेला असतो, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. नेहमीच्या बांधकामातही विटा, वाळू, खडी, सळया ट्रकनेच येतात आणि कामगार महिनोन्‌महिने ये-जा करतात, तेही या तुलनेत धरायला हवं.

तरी अंतराला मर्यादा आहेच. हेच घर १,००० किलोमीटरवरून आणलं तर आकडा पाचपट, म्हणजे साडेसात टनांवर जातो आणि पायात वाचवलेलं सगळं रस्त्यावर सांडतं. लांबच असेल तर सपाट पॅनेलं जास्त परवडतात. जाता जाता रस्त्याची रुंदी, वळणं, विजेच्या तारा आणि क्रेन उभी राहायला जागा हे सगळं आधी पाहून घ्या. क्रेनसाठी अंगणातली जुनी झाडं तोडायची वेळ आली, तर वर सांगितलेल्या गणिताची मजाच गेली.

पायरी ७: हवाबंदपणा आणि इन्सुलेशन, यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून आहेत

दुसऱ्या वहीतला सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. घराची थंड किंवा गरम केलेली हवा फटींतून निसटते. चौकटीच्या कडा, वायरींची भोकं, भिंत आणि छत मिळते तो कोपरा, अशा जागा. परातीएवढं भोक कुणीही बुजवेल, पण अशा शेकडो बारीक फटी एकत्र केल्या तर तेवढंच भोक होतं आणि ते कुणाला दिसत नाही. कारखान्यात भिंत आडवी ठेवून, उजेडात, हाताशी येईल अशा उंचीवर टेप लावता येतो. शिडीवर वाऱ्यात उभं राहून लावलेल्या टेपेपेक्षा तो चांगला बसणारच.

हे मोजता येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. दारात मोठा पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबफरक तयार करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते पाहतात. याला ब्लोअर डोअर चाचणी म्हणतात. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये पहिलं ‘पॅसिव्ह हाऊस’, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारं घर उभं राहिलं. त्यावरून आलेल्या मानकात ही मर्यादा तासाला ०.६ वेळा इतकी कडक आहे. तुमच्या घराला एवढं ताणायची गरज नसेल. पण करारात एक आकडा लिहून घ्या, आणि चाचणी खोके जागेवर जोडल्यानंतर करायची असंही लिहा. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. प्रत्येक खोका कारखान्यात कितीही हवाबंद असला तरी दोन खोक्यांचा सांधा जागेवरच जुळतो, आणि घोटाळा होतो तो त्या सांध्यातच.

पोलादी सांगाड्याची मघाशी सांगायची राहिलेली खोड अशी, की पोलादातून उष्णता लाकडापेक्षा सुमारे ४०० पट सहज वाहते. दोन खांबांच्या मध्ये कितीही इन्सुलेशन भरा, खांब स्वतःच उष्णतेचा पूल बनतो. उपाय एकच, सांगाड्याच्या बाहेरून सलग इन्सुलेशनचा थर. कोटेशनमध्ये तो आहे का बघा. इन्सुलेशनची नुसती जाडी सांगून भागत नाही, ‘खांबांसकट भिंतीचा एकूण यू-व्हॅल्यू’, म्हणजे भिंतीतून किती उष्णता जाते तो आकडा मागा. यू-व्हॅल्यू जितका कमी, तितकी उष्णतेची गळती कमी.

इन्सुलेशन कशाचं यालाही महत्त्व आहे. काही फोम फुगवायला एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायू वापरतात. त्यातला एचएफसी-१३४ए हा १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट तापमानवाढ घडवतो. वीज वाचवायला लावलेल्या थरातूनच असा वायू झिरपत राहिला, तर बरीचशी बचत तिथेच फिटते. दगडी लोकर, कागदी सेल्युलोज, लाकडाच्या तंतूंचे बोर्ड किंवा असे वायू न वापरता बनवलेला फोम हे पर्याय आहेत. एसी किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता खेचून घर गरम करणारं यंत्र) घरासोबतच येणार असेल तर त्यातला वायूही विचारा. आर-४१०ए चा हाच आकडा सुमारे २,००० आहे, तर प्रोपेनचा अगदी नगण्य.

हलक्या घराचा एक दोष इथेच सांगून टाकतो. जाड दगडी किंवा विटांची भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते आणि हळू सोडते. हलक्या भिंतीला ते जमत नाही. इन्सुलेशन उत्तम असूनही काचेतून थेट ऊन आत आलं तर खोली भट्टी होते, कारण आत आलेली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून खिडक्यांना बाहेरून सावली, म्हणजे छज्जा, झडपा किंवा जाळी असावी. आतला पडदा उपयोगाचा नाही, तोवर ऊन आत आलेलं असतं. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या असतील तर रात्री घर थंड करता येतं. घराची दिशा आणि खिडक्यांची मापं सहीच्या आधी ठरतात, याची पुन्हा एकदा आठवण करून देतो.

पायरी ८: आतली हवा

घर हवाबंद केलं की आतला ओलावा आणि वास आतच राहतात, म्हणून ताज्या हवेची यांत्रिक सोय हवीच. जाणाऱ्या हवेतली उष्णता येणाऱ्या हवेला देणारं यंत्र मिळालं तर उत्तम. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डाच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. कमी उत्सर्जनाचे बोर्ड सहज उपलब्ध आहेत, फक्त मागावे लागतात. खोके वाहतुकीत आणि जोडणीच्या दिवशी पावसापासून झाकलेले असतील याची जबाबदारी कोणाची, तेही करारात लिहा. भिजलेलं इन्सुलेशन भिंतीत बंद झालं की बुरशी आलीच, आणि मग पर्यावरणपूरक भिंत फोडून फेकावी लागते.

पायरी ९: घर परत खोलता येईल का

“मॉड्युलर आहे, कधीही उचलून न्या” हे वाक्य ऐकलं की मला टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर आठवतो. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये उभारलेला. काँक्रीटच्या दोन मनोऱ्यांना १४० कॅप्सूल, म्हणजे एकेका खोलीचे तयार खोके, बोल्टने अडकवलेल्या होत्या, आणि दर २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढून नवी बसवायची अशी कल्पना होती. प्रत्यक्षात एकही बदलली गेली नाही. एक कॅप्सूल काढायची तर वरच्याही काढाव्या लागत, आणि प्रत्येकीचा मालक वेगळा. २०२२ मध्ये इमारत उतरवली, काही कॅप्सूल तेवढ्या जतन झाल्या.

बोल्ट होते, कल्पना होती, पण काढायचा क्रम आणि तो खर्च कोण करणार हे जमलेलं नव्हतं. तुमच्या घरासाठी हे प्रश्न आधी विचारा. सांधे बोल्टचे आहेत की वेल्डिंगचे आणि चिकटवलेले? एक खोका बाजूला काढायचा झाला तर दुसऱ्याला हात लावावा लागतो का? पाण्याचे पाइप आणि वायरी खोक्याच्या सीमेवर सुटतात का, की भिंतीतून सलग गेल्यात? बाहेरचा पत्रा किंवा फळ्या स्क्रूने लावल्या असतील तर एकच फळी बदलता येते. आणि जो भाग लवकर झिजतो, म्हणजे नळ, वायरी, हीट पंप, तो भिंत न फोडता हाताशी यायला हवा. घर ३० वर्षांत मोडीत निघालं की ६० वर्षं टिकलं, यावर बांधतानाचा सगळा कार्बन दरवर्षी दुप्पट पडतो की निम्मा, हे ठरतं.

पायरी १०: कागद

शेवटी घेऊन ठेवायचे कागद. मुख्य मालाची पर्यावरणीय उत्पाद घोषणा, म्हणजे इपीडी. ती ‘आयएसओ १४०२५’ किंवा ‘ईएन १५८०४’ प्रमाणे असावी आणि त्रयस्थाने तपासलेली असावी. लाकडाचं प्रमाणपत्र, हवाबंद चाचणीचा निकाल, यू-व्हॅल्यूचं गणित, आणि कोणत्या बोर्डाच्या मागे कोणता पाइप आहे दाखवणारे प्रत्यक्ष बांधलेल्या घराचे आराखडे. त्यासोबत सांध्यांचा आणि बोल्टचा आराखडा, खोके कुठल्या क्रमाने बसवले त्याच्या नोंदीसह.

एक सोपी गोष्ट मागायला विसरू नका. भिंती बंद करण्याआधी कारखान्यात प्रत्येक भिंतीचा उघडा फोटो काढायला सांगा, मोजपट्टी बाजूला धरून. कारखान्याला पाच मिनिटांचं काम आहे. दहा वर्षांनी नवं कपाट टांगायला भोक पाडायचं असेल, तेव्हा तुम्ही आधी तो फोटो उघडाल.